शोकाचा फोटो वाचताना : बातमीतल्या छायाचित्राची रचना



चित्रवर्णन आपण सगळेच घेतो. पहिलीपासून. "चित्रात काय काय दिसतंय ते सांगा" म्हटलं की हात वर होतात : झाड, विहीर, कुत्रा, आजी, ढग. यादी पूर्ण झाली की आपण "शाब्बास" म्हणतो आणि पान उलटतो. पण हे चित्र काढणारा कुठे उभा होता, आजीला मध्यभागी का ठेवलं आणि कुत्र्याला कोपऱ्यात का, चौकटीच्या बाहेर काय राहिलं असेल, हे प्रश्न आपण सहसा विचारत नाही. पाठ्यपुस्तकातल्या जत्रेच्या चित्राला ते नाही विचारले तरी चालतं. वर्तमानपत्रातल्या आणि मोबाइलवरच्या फोटोंना मात्र विचारावे लागतात, आणि त्यातही अपघात, स्फोट, पूर, आग यांच्या फोटोंना आधी.

बोईसर-तारापूर पट्ट्यात शिकवणाऱ्यांना हे जास्त पटेल. ११ जानेवारी २०२० ला, शनिवारी संध्याकाळी, तारापूर एमआयडीसीत बांधकाम चालू असलेल्या एका रासायनिक कारखान्यात मोठा स्फोट झाला. कामगारांचे जीव गेले. आवाज कित्येक किलोमीटर ऐकू गेला. डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून धरणीचे हादरे चालूच होते, त्यामुळे अनेकांना आधी भूकंपच वाटला. खरी बातमी नंतर आली, फोटो त्याच्या आधी. सोमवारी परिपाठाला बातम्या वाचायच्या वेळेपर्यंत माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी घरच्या मोबाइलवर ते पाहिलेले होते. त्यातल्या कितीतरी जणांचे वडील, काका, मामा कंपनीत पाळीवर जाणारे. म्हणजे आपण दाखवा अगर नका दाखवू, फोटो मुलांपर्यंत पोहोचतात. ते पाहायचे कसे, एवढंच आपल्या हातात उरतं.

या लेखात मी छायाचित्राच्या रचनेबद्दल लिहिते आहे. एखादा फोटो आपल्याला वर्षानुवर्षं विसरता येत नाही आणि त्याच घटनेचे दुसरे शंभर फोटो दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत, हा फरक घटनेमुळे पडत नाही. तो बहुतेक वेळा रचनेमुळे पडतो. आणि माझं स्पष्ट मत असं की, शोकाच्या फोटोत रचना म्हणजे मुख्यतः काय दाखवायचं नाही याचा निर्णय.

रचना म्हणजे काय, आधी आपल्या घरातलं उदाहरण

रचना हा शब्द जड वाटत असेल तर वारली चित्र समोर ठेवा. आपल्या जिल्ह्यात ते शाळेच्या भिंतीवर, पंचायतीच्या कमानीवर, सगळीकडे आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तारपा नाचाचं चित्र पाहा. एकमेकांच्या कमरेला हात घातलेली माणसांची साखळी गोल गोल फिरत आत जाते आणि मध्ये तारपा वाजवणारा उभा असतो. चित्रात शंभर माणसं असली तरी तुमचा डोळा साखळीच्या टोकाला लागतो आणि वळणावळणाने त्याच्यापर्यंतच येतो. कुणी बोट धरून नेलं नाही, साखळीनेच नेलं. डोळ्याला वाट दाखवणाऱ्या अशा ओळीला छायाचित्रकार 'नेणारी रेषा' म्हणतात. रस्ता, रेल्वेचे रूळ, भिंतीची कड, लांब केलेला हात, काहीही नेणारी रेषा होऊ शकतं.

बाकीची साधनंही साधीच आहेत. चौकट कुठे कापली. कॅमेरा जमिनीलगत होता की उंचावर. माणूस जवळ की लांब. भोवती रिकामी जागा किती सोडली. मुख्य गोष्ट बरोब्बर मध्ये ठेवली की एका बाजूला (चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून मुख्य गोष्ट त्या रेषांवर ठेवायची सवय पुष्कळांना असते, पण तो काही कायदा नाही). उजेड कुठून येतो. बस, एवढंच. चित्रकाराला हे सगळं हवं तसं मांडता येतं. बातमीच्या छायाचित्रकाराला समोरची एकही वस्तू हलवायची परवानगी नसते. त्याला फक्त स्वतः हलता येतं. दोन पावलं पुढे, गुडघ्यावर, पायरीवर. त्याची सगळी रचना त्याच्या पायांत असते, असं मी मुलांना सांगते.

करमाडच्या पोळ्या

८ मे २०२०. टाळेबंदीचे दिवस. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर गावी जायला निघाले होते. भुसावळहून गाडी मिळेल अशी आशा होती, म्हणून रुळांच्या कडेने चालत गेले. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, करमाडजवळ, थकून रुळांवरच झोपले. पहाटे मालगाडी आली. १६ जण गेले.

त्या दिवशीचा जो फोटो सगळ्यांना आठवतो त्यात माणूसच नाही. रुळांमधली खडी आहे आणि खडीवर पडलेल्या पोळ्या. काही फोटोंत शेजारी चपला, कपडे दिसतात. बस. रक्त नाही, चेहरा नाही, रडणारं कुणी नाही.

हा फोटो एवढा खोल का जातो, हे जरा सावकाश बघू या.

पहिली गोष्ट आकार. रूळ सरळ, स्लीपर सरळ, खडी टोकदार आणि करडी. या सगळ्या कठीण, कोनेरी वस्तूंमध्ये गोल, मऊ, फिकट रंगाची एकच वस्तू आहे, ती म्हणजे पोळी. डोळ्याला वेगळं दिसणारं लगेच सापडतं. बाण काढून दाखवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट जवळीक. कॅमेरा खाली, खडीच्या जवळ आलेला आहे. लांबून, पुलावरून काढला असता तर तो 'अपघातस्थळाचा' फोटो झाला असता : रूळ, पोलीस, गर्दी, लांबवर गाडी. असे फोटोही त्या दिवशी निघालेच, पण ते कुणाला आठवत नाहीत. जवळ आल्यावर पोळीची जाडी दिसते, भाजल्याचे डाग दिसतात, आणि ती कुणीतरी लाटली होती हे कळतं. आपल्या घरातली पोळी अशीच असते. १६ हा आकडा मनात मावत नाही. पोळी मावते.

तिसरी गोष्ट जागा. पोळीची जागा ताटात, डब्यात, फडक्यात बांधलेली. रुळावर पोळी पाहिली की काहीतरी फार चुकलंय हे चार वर्षांच्या मुलालाही कळतं. एका वस्तूला तिच्या चुकीच्या जागी दाखवलं की बाकीची गोष्ट पाहणारा स्वतः रचतो. हा डबा कुणी भरला असेल, किती दिवस पुरवायचा होता, त्यातल्या किती खाऊन झाल्या होत्या. ही वाक्यं फोटोत लिहिलेली नाहीत. ती आपण लिहितो, आणि आपण लिहिलेली असल्यामुळे ती पुसता येत नाहीत.

आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत हा फोटो चर्चेला घेतला तेव्हा एका सरांनी लगेच विचारलं, "पण हे कुणी मुद्दाम मांडून तर काढलं नसेल ना?" प्रश्न चांगला आहे आणि विचारायलाच हवा. अशा वेळी एका फोटोवर थांबायचं नाही. त्या घटनेचे वेगवेगळ्या वृत्तसंस्थांचे, वेगवेगळ्या कोनांतून काढलेले फोटो पाहायचे. करमाडचे असे बरेच फोटो आहेत आणि त्यांत पोळ्या, चपला, सामान पुन्हा पुन्हा दिसतं. म्हणजे वस्तू तिथे होत्या. छायाचित्रकाराने निवड केली ती आपण कुठे वाकायचं याची. मांडणं वेगळं आणि निवडणं वेगळं, हा फरक मुलांना सहावी-सातवीपर्यंत समजायला हवा असं मला वाटतं. 'रचना केली' म्हणजे 'खोटं केलं' असा अर्थ मुलं चटकन काढतात. आणि खरं सांगायचं तर मोठीही काढतात.

त्याच दिवसांत आपल्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून, मनोर-चारोटीवरून, डोक्यावर बोजे घेतलेली माणसं चालत गेली. ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. तरी आठवण काढायला बसलं की करमाडचा फोटोच आधी येतो, निदान माझं तरी असं होतं. डोळ्यांनी पाहिलेल्याला चौकट नव्हती.

हात

आता थोडं मागे जाऊ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र, भोपाळ. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. कारखाना आणि त्याला लागून वस्ती, हे चित्र आपल्याला काही परकं नाही, म्हणून हे उदाहरण मी तारापूरच्या शिक्षकांना आवर्जून सांगते.

रघु राय यांनी तिथे काढलेला कृष्णधवल फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. एका लहान मुलाला पुरताहेत. शरीर मातीखाली गेलंय, फक्त चेहरा उरलाय, डोळे उघडे आहेत. आणि वरून एक हात आलाय, शेवटचा स्पर्श करणारा. हात कुणाचा ते चौकटीत नाही. त्या मुलाचं नावही कधी कळलं नाही. त्याच दफनाचा रंगीत फोटो पाब्लो बार्थोलोम्यू यांनी काढला, आणि १९८४ सालचं सर्वोत्तम वृत्तछायाचित्र म्हणून 'वर्ल्ड प्रेस फोटो'चा मान त्याला मिळाला. एकाच क्षणी दोन छायाचित्रकार एकाच खड्ड्याशी उभे होते, आणि दोघांनीही तेच केलं : आजूबाजूची माणसं, स्मशान, शहर, सगळं कापून टाकलं.

राय यांच्या फोटोतला हात नसता तर? माझ्या मते तो फोटो असह्य झाला असता, आपण नजर वळवली असती. हातामुळे नजर थांबते. हात आपल्याला करता येण्यासारखी एक गोष्ट दाखवतो, तो स्पर्श. शिवाय तो हात पूर्ण माणूस नसल्यामुळे कुणाचाही होऊ शकतो. पाहणाऱ्याचासुद्धा. कृष्णधवल असल्याने माती आणि चेहरा एकाच करड्या रंगाचे दिसतात, चेहरा मातीत मिसळत चाललाय असं वाटतं.

२००४ च्या त्सुनामीचं उदाहरणही याच ओळीतलं. रॉयटर्सचे अर्को दत्ता यांनी २८ डिसेंबरला तामिळनाडूत कडलूरला काढलेला फोटो. एक बाई वाळूवर पालथी पडून आक्रोश करतेय, दोन्ही हात पसरलेले, तळवे वर. समोर तिच्या नात्यातल्या माणसाचं प्रेत आहे, पण चौकटीत येतो फक्त त्याचा हात, अगदी कडेला. बाकी सगळी वाळू. समुद्र नाही, पडकी घरं नाहीत, क्षितिजही नाही. कॅमेरा वरून खाली पाहतोय म्हणून ती बाई जमिनीला दाबली गेल्यासारखी दिसते. भोवतीची रिकामी वाळू म्हणजे तिचं एकटेपण. या फोटोलाही 'वर्ल्ड प्रेस फोटो'चा त्या वर्षीचा मान मिळाला.

दोन्ही ठिकाणी मृत्यू चौकटीत आहे, पण त्याला पूर्ण जागा दिलेली नाही. एका ठिकाणी मातीने झाकलं, दुसऱ्या ठिकाणी कडेने कापलं. मृत माणसाला आपल्या नजरेपासून थोडं वाचवलं. परिणाम त्यामुळे कमी झाला का? उलट वाढला.

डबा बदलणारा छायाचित्रकार

सगळेच शोकाचे फोटो जखमी माणसाचे किंवा रडणाऱ्या नातेवाइकांचे नसतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत जो हल्ला झाला त्यात १६६ लोक गेले, आणि त्या रात्रीचा सर्वांत प्रसिद्ध फोटो मारणाऱ्याचा आहे. सीएसटी स्थानकात हातात बंदूक आणि पाठीवर पिशवी घेऊन चालणारा कसाब. 'मुंबई मिरर'चे छायाचित्र संपादक सेबॅस्टियन डिसूझा यांनी तो काढला. त्यांचं ऑफिस स्टेशनसमोरच होतं.

रचनेच्या दृष्टीने मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ते आधी उभ्या असलेल्या गाडीच्या एका डब्यात शिरले, तिथून कोन नीट मिळेना, म्हणून दुसऱ्या डब्यात गेले आणि तिथे थांबले. गोळ्या चालू असताना. कोन म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगताना मी हे सांगते. त्या हलण्यामुळे काय मिळालं? पूर्ण माणूस, स्पष्ट चेहरा, चालण्याची ऐट. भोवती गर्दी नाही. सीएसटी ज्याने एकदाही पाहिलंय त्याला गर्दी नसलेलं सीएसटी पाहूनच धडकी भरते. आणि चेहरा पाहावा तर कॉलेजला निघालेल्या पोराचा. अंगात टी-शर्ट. राक्षस दिसला असता तर बरं वाटलं असतं, असा तो फोटो आहे. पुढे डिसूझा यांनी न्यायालयात साक्ष दिली आणि त्यांचे फोटो पुरावा म्हणून दाखल झाले. म्हणजे चांगली रचना म्हणजे नुसती सजावट नव्हे. चेहरा ओळखता येईल असा कोन मिळवणं हेच तिथे रचनेचं काम होतं.

एकच किनारा, दोन फोटो

फोटो काढल्यावर आणखी एक माणूस निवड करतो. संपादक. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण तुर्कस्तानातलं आहे. २ सप्टेंबर २०१५ ला बोद्रुमजवळच्या किनाऱ्यावर सीरियातल्या एका चिमुरड्याचं शव लाटांनी आणून टाकलं. निलुफर देमिर या तुर्की छायाचित्रकार बाईंनी फोटो काढले. एकात ते मूल एकटं आहे, पाण्याच्या कडेला, पालथं, लाल टी-शर्ट, निळी चड्डी, बुटांचे तळवे आपल्याकडे. दुसऱ्यात एक पोलीस त्याला दोन्ही हातांवर उचलून नेतोय.

जगभरातल्या वर्तमानपत्रांनी यातला वेगवेगळा फोटो छापला. पहिल्यात मूल आणि आपण, मध्ये कुणीच नाही. आपल्या घरी मुलं अशीच पालथी झोपतात, बूट काढायला विसरून. म्हणून तो आईबापांना जास्त बोचतो. दुसऱ्यात एक मोठं माणूस आलं, कुणीतरी उशिरा का होईना उचललं. तो पाहता येतो. यातला कोणता छापायला हवा होता? मी दुसरा निवडला असता. माझी सहकारी म्हणते, उचलणारा हात दाखवला की वाचकाची सुटका होते, म्हणून पहिलाच हवा. आमचं यावर अजून एकमत नाही, आणि मला वाटतं तुमच्या स्टाफरूममध्येही होणार नाही.

चौकटीबाहेर

रचनेची ताकद जितकी मोठी, तितका तिचा धोकाही. चौकट घट्ट केली की भोवतीचं जग जातं. केविन कार्टरचा सुदानमधला १९९३ चा फोटो तुम्हाला माहीत असेलच : भुकेने वाकलेलं मूल, आणि मागे काही अंतरावर बसलेलं गिधाड. १९९४ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. मूल पुढे, गिधाड मागे, मध्ये मोकळी जमीन. आपला डोळा त्या मोकळ्या अंतरावर जाऊन अडकतो, कारण पुढे काय होणार ते अंतर सांगतं. पण जवळच अन्नवाटपाचं केंद्र होतं, ते चौकटीत नाही. कार्टरने गिधाड हाकललं, तेही नाही. फोटो खोटा नाही. दुष्काळ खरा होता, भूक खरी होती. पण 'त्या वाळवंटात मूल आणि गिधाड दोघंच होते' हा आपण काढलेला अर्थ चौकटीने घडवलेला आहे.

याच फोटोवर एक 'बोधकथा' आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दर सहा महिन्यांनी फिरते. त्यात कुणीतरी कार्टरला म्हणतं की तिथे दोन गिधाडं होती, एकाच्या हातात कॅमेरा होता. असा संवाद झाल्याचा पुरावा नाही. कार्टरने १९९४ मध्ये आत्महत्या केली हे खरं, पण त्यामागे एकच फोटो होता असं सांगणं सोपं आहे, खरं नाही. परिपाठात ही कथा वाचली जाते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

यावर उपाय एकच, फोटोखालची ओळ. कुणी, कुठे, कधी, काय. फोटो जितका जोरकस, तितकी खालची ओळ कोरडी आणि अचूक हवी. आपल्या मोबाइलवर येणाऱ्या फोटोंना खाली ओळच नसते. किंवा असते ती "बघा काय झालं, पुढे पाठवा". मागच्या वर्षीचा गुजरातेतला स्फोट तारापूरचा म्हणून फिरायला एवढं पुरतं.

मग वर्गात काय, घरी काय

औद्योगिक अपघातानंतर आपल्याकडे फिरणारे फोटो साधारण दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे लांबून काढलेला धुराचा लोट, चाळीच्या छपरांवर उभा राहिलेला. त्यात छपरांमुळे धुराची उंची कळते आणि वस्ती किती जवळ आहे तेही कळतं. रचना म्हणून हा फोटो बरंच बोलतो. दुसरा म्हणजे जवळ जाऊन, फ्लॅश मारून काढलेली भाजलेली माणसं. त्यात रचना नसते, नुसतं जवळ जाणं असतं. करमाडच्या पोळीजवळ जाणं आणि जखमी माणसाच्या चेहऱ्याजवळ जाणं या दोन्ही 'जवळून' काढलेल्या गोष्टी, पण एकीत माणसाची लाज राखलीय. दुसरीत ज्याचा फोटो निघतोय त्याला नको म्हणायचीही ताकद नाही. दुसऱ्या प्रकारचा फोटो घरात मुलाने पाहिलाच, तर "असलं बघू नको" म्हणून मोबाइल हिसकावून घेण्यापेक्षा त्याच्याजवळ बसा. काय पाहिलं ते त्याला सांगू द्या. बाबा आज कंपनीत आहेत का, हा प्रश्न बहुतेक वेळा त्याच्या मागे असतो. तो प्रश्न त्याच्या तोंडून निघाला की आधी बाबांना फोन लावा, रचनेचं नंतर.

लहान मुलांना, म्हणजे चौथीपर्यंत, शोकाचे फोटो वर्गात दाखवू नयेत असं माझं मत आहे. करमाडचासुद्धा नाही. रचना शिकवायला शोक लागत नाही. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून पोस्टकार्डाएवढी चौकट कापायची आणि मुलांना ती डोळ्यासमोर धरून मैदानात फिरवायचं. सगळ्यांनी एकच वस्तू पाहायची, समजा पाण्याची टाकी, पण दहा ठिकाणांहून. मग वर्गात येऊन प्रत्येकाने चौकटीत काय दिसलं ते काढायचं आणि मागच्या बाजूला चौकटीबाहेर काय राहिलं ते लिहायचं. मागची बाजू जास्त मजेशीर निघते. टाकीच्या पलीकडे गळणारा नळ होता हे आमच्याकडे तिघांनी मागे लिहिलं होतं, पुढे एकानेही काढलं नव्हतं.

सहावीच्या पुढे वर्तमानपत्र घेता येतं. मी पुराचा किंवा दरड कोसळल्याचा, ज्यात मृत किंवा जखमी दिसत नाहीत असा फोटो घेते. फोटोखालची ओळ कागदाने झाकते. मुलांना आधी डोळ्याची वाट विचारते : नजर पहिल्यांदा कुठे गेली, मग कुठे? मग कॅमेरा कुठे होता ते जमिनीवर खडूने दाखवायला लावते, कुणी गुडघे टेकतं, कुणी बाकावर चढतं. नंतर ओळ उघडायची. आपण लावलेला अर्थ आणि छापलेली ओळ जुळते का? बऱ्याचदा अर्धीच जुळते.

एक नियमाची गोष्ट पालकांसाठी. अत्याचाराला बळी पडलेल्या, साक्षीदार असलेल्या किंवा गुन्ह्यात अडकलेल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो, नाव, पत्ता किंवा शाळा कोणत्याही माध्यमातून उघड करायला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ ने मनाई केली आहे. मोबाइलवरून पुढे पाठवतानाही हे लक्षात ठेवा. पालकसभेत मी हे दर वर्षी सांगते, कारण शाळेच्या पालक-ग्रुपवरच असे फोटो आधी येतात.

पुठ्ठ्याची चौकट करणार असाल तर आतली जागा साधारण १० बाय १५ सेंटिमीटर ठेवा. त्याहून मोठी केली की लहान मुलांना हात लांब करूनही तिच्या कडा एकदम दिसत नाहीत, आणि कडा दिसल्या नाहीत तर काय कापलं ते कळत नाही. एका पुठ्ठ्यात दोन चौकटी बसतात.